ऑस्ट्रेलियातली घराजवळची भटकंती आणि समुद्राचे नियम

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाची रविवारची प्रवास पुरवणी मी मेलबर्नमध्ये मोबाइलवर वाचते. दिवाळी सरली की त्यात ऑस्ट्रेलियावर पानभर लेख हमखास येतो. तिकडं थंडी पडायला लागते तेव्हा इकडं उन्हाळा लागतो, त्यामुळं ते बरोबरच आहे. यंदाही आला. सिडनीचं ऑपेरा हाऊस, क्वीन्सलँडची प्रवाळं, गोल्ड कोस्ट आणि मेलबर्नहून ‘एका दिवसात ट्वेल्व्ह अपॉसल्स’, म्हणजे समुद्रात उभे असलेले दगडी सुळके. माहितीत चूक काही नाही. पण माझ्या ओळखीत जी मराठी माणसं इकडं येतात त्यांतली फार थोडी सहल कंपनीबरोबर येतात. बाकीची मुलाकडं, लेकीकडं राहायला येतात, तीन महिने, सहा महिने. नाहीतर शिकायला येतात. त्यांच्या हाताशी असतात ते शनिवार-रविवार. त्या दोन दिवसांत घरापासून तासाभरावर कुठं जावं आणि जाताना काय सांभाळावं, याबद्दल मराठीत छापलेलं मला कुठं सापडत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं असेल तर कात्री लावा, पण समुद्राबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका, ही विनंती.

मी मूळची वाईची. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत राहते आणि वृद्धांच्या निवासी केंद्रात काम करते. गेल्या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे आमच्याकडं होते. मामा एसटीत चालक होते, उमेद सगळी पसरणीच्या घाटात गेली. आत्या माळकरी. पहिला आठवडा कौतुकात गेला. मग एक दिवस मामांनी मला विचारलं, “सूनबाई, इथं माणसं राहतात की नुसती घरं?” त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडच्या नव्या वसाहतींत रस्ते रुंद, फूटपाथ स्वच्छ, आणि दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी येते, गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी आत, दार खाली. शेजाऱ्याचा चेहरा दिसायला कचऱ्याचा डबा बाहेर काढायचा दिवस उजाडावा लागतो. मुलगा-सून कामावर गेली की म्हाताऱ्या माणसांना खिडकी आणि टीव्ही, एवढाच काय तो सहवास. माणसाचं बोलणं थांबलं की चालणंही थांबतं, हे मी कामावर रोज बघते. त्यामुळं आई-वडिलांना बाहेर नेणं याला मी चैन मानत नाही. औषधाइतकंच ते वेळेवर व्हायला हवं.

आणि इथंच आमच्या मुलांचं गणित चुकतं. आठवडाभर वेळ देता आला नाही याची टोचणी असते, मग रविवारी पहाटे पाचला आई-वडिलांना उठवून ट्वेल्व्ह अपॉसल्सला नेतात. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. गुडघे दुखणारा माणूस दहा-अकरा तास गाडीत, वळणांनी पोट ढवळलेलं, लघवीला थांबायचं कसं सांगावं हा संकोच. समुद्रातले सुळके बघायला मिळतात अर्धा तास, तेही गर्दीत फोटो काढण्यात. घरी आल्यावर फोटो गावाकडच्या ग्रुपवर जातात आणि आई दोन दिवस झोपून राहते. ती जागा देखणी आहे, यात शंका नाही. पण तिथं जायचं तर मुक्कामानं जावं.

आमच्या घरापासून पाऊण तासाच्या आत काय आहे ते सांगते. फ्रीवेवरून जिलाँगकडं निघालं की सपाट माळावर उजव्या हाताला यू यँग्जचे डोंगर दिसतात. ग्रॅनाइटचे, मोठमोठ्या गोल धोंड्यांचे. मॅथ्यू फ्लिंडर्स हा दर्यावर्दी १ मे १८०२ रोजी त्यावर चढला, त्याचं नाव शिखराला आहे. पण ही भूमी हजारो वर्षांपासून वाडावरुंग लोकांची. त्यांच्या श्रद्धेत बुंजिल हा गरुड सृष्टी घडवणारा. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी या डोंगराच्या पायथ्याशी दगड मांडून त्याची भली मोठी आकृती केली आहे. पंख पसरलेला हा गरुड वरच्या वाटेवरून खाली बघितल्यावरच पुरता दिसतो. शिखरापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. मामा तिथं गेले नाहीत. ‘बिग रॉक’ नावाचा रुंद कातळ आहे, तिथवर चालणं सोपं, तिथं आम्ही सतरंजी टाकली. संध्याकाळी पाच-सहा कांगारू झाडीतून बाहेर आले आणि चरत बसले. व्हिक्टोरिया राज्यातल्या राष्ट्रीय उद्यानांना आणि अशा उद्यानांना प्रवेशशुल्क नाही. मामांचा यावर विश्वासच बसेना. दोन वेळा विचारून खात्री करून घेतली.

दुसरी जागा ऑर्गन पाइप्स राष्ट्रीय उद्यान. विमानतळाच्या बाजूला, काल्डर फ्रीवेला लागून. डोक्यावरून विमानं जातात आणि खाली ओढ्याच्या काठाला काळ्या दगडाचे उभे खांब एकाला एक चिकटून उभे आहेत. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल, तोच प्रकार. तापलेला लाव्हा निवताना आकसतो, आकसताना त्याला भेगा जातात आणि त्या भेगा बहुतेक षटकोनी होत खाली उतरत जातात, म्हणून हे खांब. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्या मानानं अगदी कालपरवाचा. पण दगडाची जात तीच. मामांनी खाली उतरून हात लावला आणि म्हणाले, “हा आपलाच कातळ.” त्या दिवशी ते पहिल्यांदा आपणहून बोलत सुटले. घाटात रस्ता रुंद करताना सुरुंग कसे लावायचे, दरड कुठं कोसळायची, सगळं. माझ्या मुलांनी आजोबांचं असं बोलणं तोवर ऐकलंच नव्हतं.

या उद्यानाची आणखी एक गोष्ट मला सांगायची आहे. १९७२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ही दरी नुसत्या काटेरी तणानं भरलेली होती. आसपासच्या नागरिकांनी गट केला, सुट्टीच्या दिवशी येऊन तण उपटलं आणि इथलीच मूळची झाडं लावली. ते काम पुढं वर्षानुवर्षं चाललं. आज तिथं सावली आहे ती त्या लोकांची. गडकोटांवर सुट्टीच्या दिवशी जाऊन टाकी उपसणारी, दरवाजे बसवणारी आपली मुलं आहेत. त्यांना हे वाचून बळ येईल असं वाटतं.

पश्चिमेलाच बॅकस मार्श नावाचं गाव आहे. गावात शिरताना दुतर्फा एल्मची उंच झाडं लागतात. पहिल्या महायुद्धाला इथून गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक अशी २८१ झाडं गावकऱ्यांनी १९१८ साली लावली, प्रत्येक झाडाशी नावाची पाटी. पुढं फळबागा आहेत. नोव्हेंबर लागला की चेरी आणि स्ट्रॉबेरी आपल्या हातानं तोडायला मिळते, वजनावर पैसे. वाई-पाचगणी-महाबळेश्वरच्या माणसाला स्ट्रॉबेरीचं काय कौतुक, असं मला वाटलं होतं. पण आत्यांनी रोपं वाकून बघितली, खालचा प्लास्टिकचा कागद बघितला, पाणी कसं सोडलंय ते बघितलं, आणि बागेच्या मालकिणीला माझ्यामार्फत असे प्रश्न विचारले की ती बाई आमच्याबरोबर अर्धा तास बांधावर उभी राहिली. आपल्याकडं डिसेंबरात हिवाळी हंगाम, इथं भर उन्हाळ्यात, महिने तेच.

जेवणाचं सांगायला हवं, कारण आपली माणसं त्यापायी घरात बसतात. इथल्या सार्वजनिक बागांत, समुद्रकाठी विजेच्या शेगड्या असतात, फुकट. पोलादी पत्रा, बाजूला एक बटण. दाबलं की पत्रा तापतो, काही वेळानं आपोआप बंद होतो, परत दाबायचं. पत्रा मध्याकडं किंचित उतरता असतो आणि तिथं तेल-चरबी निथळायला भोक असतं. त्यावर लोक मांस भाजतात, त्यामुळं माळकरी माणसाची अडचण होते. आम्ही आधी पत्रा पुसून घेतो, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड फॉइलचे दोन पदर अंथरतो, कडा दुमडून वर घेतो म्हणजे तेल भोकाकडं पळत नाही. वेरिबी साउथच्या किनाऱ्यावर आत्यांनी त्यावर थालीपीठं लावली. घरून तीळ-कांदा घालून पीठ मळूनच नेलं होतं. पत्रा मंद तापतो, त्यामुळं थालीपीठ वेळ घेतं पण करपत नाही. शेजारच्या शेगडीवर एक व्हिएतनामी आजी नातवंडांना घेऊन आली होती. वासानं ती इकडं बघायला लागली. आत्यांनी एक थालीपीठ कागदावर ठेवून दिलं, तिनं पिशवीतून संत्री काढून दिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण बराच वेळ एका बाकावर बसून नातवंडांकडं बोटं दाखवत त्यांचं काहीतरी चाललं होतं. इथं माणसं राहतात की घरं, हा प्रश्न त्यानंतर मला मामांनी विचारला नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या दोन मोठ्या काळज्या म्हणजे स्वच्छतागृह आणि गुडघे. त्यावर इथं सोय आहे आणि ती आपल्या लोकांना ठाऊक नसते. ऑस्ट्रेलिया सरकारचा ‘नॅशनल पब्लिक टॉयलेट मॅप’ आहे, मोबाइलवर बघता येतो. रस्त्यातलं पुढचं स्वच्छतागृह कुठं आहे, रात्री उघडं असतं का, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आत जाता येतं का, सगळं कळतं. निघण्याआधी तो बघून आईला सांगा, “अर्ध्या तासावर आहे.” मधुमेह असलेल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत ते याच भीतीनं. दुसरं, ‘पार्क्स व्हिक्टोरिया’ या सरकारी खात्याकडं काही उद्यानांत ‘ट्रेलरायडर’ नावाची एका चाकाची खुर्ची मिळते, पुढं एक आणि मागं एक अशा दोघांनी ती डोंगरवाटेवरून न्यायची. काही किनाऱ्यांवर वाळूत चालणारी जाड चाकांची खुर्ची मिळते. दोन्ही मोफत, आधी फोन करून ठरवायचं.

ट्वेल्व्ह अपॉसल्सकडं समुद्राकाठानं जाणारा रस्ता म्हणजे ग्रेट ओशन रोड. त्यावर जाऊच नये असं मी म्हणत नाही. आम्हीही गेलो, पण वाटेतल्या लॉर्न गावापर्यंत जाऊन माघारी फिरलो. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यानं हा रस्ता खोदला, युद्धात मेलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ. ईस्टर्न व्ह्यूला लाकडी कमान आहे, तिथं उतरून मामा कितीतरी वेळ रस्त्याकडं बघत राहिले. एका अंगाला डोंगर, एका अंगाला समुद्र. मागं गाड्या साठल्या की बाजूला घेऊन वाट द्यायला इथं ठिकठिकाणी जागा राखलेल्या आहेत, पाटीही असते. माझे मिस्टर गाडी चालवत होते. मामा मागून म्हणाले, “घे बाजूला. घाटात मागच्याला कोंडून ठेवायचं नसतं.” नव्यानं गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं तेच सांगणं आहे. आणि संध्याकाळी, पहाटे वेग कमी ठेवा. कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात, आणि एक दिसला की मागून दुसरा असतोच. दचकून स्टिअरिंग वळवू नका, सरळ रेषेत ब्रेक लावा. वाटेत एअरीज इनलेटचं १८९१ चं दीपगृह, लॉर्नमागचा तीस मीटरचा अर्स्किन धबधबा. धबधब्याच्या तळाशी जायला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, पण वाहनतळाजवळच्या सज्जावरूनही तो दिसतो. एवढं केलं तरी दिवस भरतो आणि उजेडात घरी येता येतं.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगते. पक्ष्यांना पोळी-भात घालू नका. आपल्याकडं काकबळी काढतात, मुंग्यांना साखर घालतात, ती भावना मला कळते, माझ्या आईनंही आयुष्यभर तेच केलं. पण मेलबर्नजवळच्या डँडेनाँगच्या जंगलातले पांढरे काकाकुवा आणि लाल-निळे पोपट पावानं-पोळीनं आजारी पडतात, गर्दी करून एकमेकांना रोग लावतात, आणि माणसाच्या हातावर झडप घालायला शिकतात. उद्यानांत त्यांना खाऊ घालायला बंदी आहे. लांबून बघा, ते जवळ येतात.

आगीचं. आमच्याकडं उन्हाळ्यात उत्तरेकडून वाळवंटावरचा तापलेला वारा येतो, गवत वाळून पिवळं पडतं आणि निलगिरीच्या पानांत तेल असतं. ७ फेब्रुवारी २००९ या एका दिवशी लागलेल्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली. मेरिसव्हिल हे टुमदार गाव जवळजवळ पुरतं जळलं. आता ते परत उभं राहिलंय, आम्ही जातो तिकडं, पण वरच्या डोंगरावर जळालेल्या झाडांचे पांढरे सोट अजून उभे आहेत. म्हणून इथं रोज वणव्याच्या धोक्याची पातळी जाहीर होते. चार पातळ्या असतात आणि सर्वांत वरची ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ असली की उद्यानं बंदच ठेवतात. ‘विकइमर्जन्सी’ नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, निघण्याआधी सकाळी ते बघायचं. ‘टोटल फायर बॅन’ म्हणजे त्या दिवशी उघड्यावर लाकूड-कोळसा पेटवायचा नाही, हुरडा-कणसं भाजायची नाहीत. वणवा नसला तरी वाऱ्याची दिशा बदलली की तासाभरात पारा पंधरा अंशांनी उतरतो, तेव्हा चाळीस अंशांच्या दिवशीही म्हाताऱ्या माणसांसाठी स्वेटर गाडीत असू द्या.

सापाचं एका वाक्यात. चावला तर जागा धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची नाही, माणसाला चालवायचं नाही, ज्या हाताला किंवा पायाला चावला तो संबंध रुंद इलॅस्टिक पट्टीनं घट्ट गुंडाळून हालचाल थांबवायची आणि ००० या इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करायचा. पुष्कळ उद्यानांत आणि किनाऱ्यांवर ठरावीक अंतरावर पाट्या असतात, त्यावर तीन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे. कुठं आहात हे सांगता आलं नाही तरी फोनवर ती अक्षरं-आकडे वाचून दाखवा, मदत बरोबर तिथं पोहोचते. वाटेला लागताना पहिल्या पाटीचा फोटो काढून ठेवायची सवय आम्ही मुलांना लावली आहे.

आता समुद्र.

२४ जानेवारी २०२४ रोजी फिलिप आयलंडवर फॉरेस्ट केव्हज नावाच्या किनाऱ्यावर भारतीय वंशाची चार माणसं बुडून गेली, एकाच कुटुंबातली, नात्यातली. तिघं विशीतली होती. त्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. त्या रात्री आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, आपल्यातलं कुणी आहे का? कुणाचंही असलं तरी आपलंच. भारतात त्याची बातमी आली, दुसऱ्या दिवशी मागं पडली. त्याच वर्षी जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी पाण्याचा लोंढा कसा येतो, कुठं उभं राहू नये, हे सविस्तर छापलं. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी ते छापलं जातं. माझी मागणी आहे की इथल्या समुद्राबद्दलही तसंच, मराठीत, हंगामाआधी छापावं. कारण इथं येणारी मुलं तुमच्या वाचकांचीच आहेत.

फिलिप आयलंडचंच घ्या. मेलबर्नहून दोन-सव्वादोन तासांवर. संध्याकाळी छोटे पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात ते बघायला सगळे जातात, आणि जावंच. त्या पेंग्विनांसाठी सरकारनं १९८५ पासून तिथली घरांची अख्खी वसाहत विकत घेत घेत २०१० पर्यंत रिकामी केली, जगात असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पण पेंग्विन येतात सूर्यास्तानंतर. दुपार मोकळी असते, तेव्हा लोक पाण्यात उतरतात. या बेटाला दोन बाजू आहेत. उत्तरेला काउस गाव, तिथं खाडीचं पाणी, बरंच शांत. दक्षिणेला बास सामुद्रधुनी, तिथल्या लाटा थेट दक्षिण महासागरातून येतात. नकाशावर दोन्ही ठिकाणी ‘बीच’ हाच शब्द लिहिलेला असतो.

माझा भाचा इथं शिकतो. वाईच्या गणपती घाटावरून कृष्णेत उड्या मारत मोठा झालेला, पुराच्या पाण्यातही पोहलेला. आम्ही ग्रेट ओशन रोडवरच्या अँगलसीच्या किनाऱ्याला गेलो होतो. जीवरक्षकांनी वाळूत लाल-पिवळे झेंडे रोवले होते, त्यांच्यामध्ये लाटा चांगल्या फुटत होत्या. डावीकडं थोड्या अंतरावर पाणी गडद हिरवं, संथ, लाट फुटत नव्हती. तो म्हणाला, “मावशी, तिकडं शांत आहे, इथं कशाला गर्दीत?” आणि चालायला लागला. झेंड्यांपाशी बसलेली एक मुलगी, असेल सतरा-अठरा वर्षांची, डोक्याला लाल-पिवळी टोपी, पळत त्याच्याकडं आली. ओरडली नाही. त्याच्या शेजारी उभी राहिली आणि पाण्यावरचा शेवाळाचा एक पुंजका दाखवला. “त्याच्याकडं बघत राहा,” म्हणाली. आम्ही सगळे बघत होतो. पुंजका त्या संथ पाण्यात आला आणि कुणी दोरीनं ओढावा तसा सरळ आत, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडं गेला. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. भाच्यानं पाय मागं घेतले.

याला इथं ‘रिप’ म्हणतात. लाटा किनाऱ्याला पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला खोल वाट शोधतं. वाट खोल असल्यामुळं तिथं लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. नदीत वाढलेल्या माणसाचा घात नेमका तिथं होतो, कारण नदीत संथ पाणी म्हणजे आपली जागा. रिप माणसाला खाली ओढत नाही, आत नेते. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडं तोंड करून जिवाच्या आकांतानं पोहतो, दमतो आणि बुडतो. करायचं ते उलटं. पाठीवर तरंगायचं, श्वास सांभाळायचा, एक हात वर करून ओरडायचं. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथं लाटा फुटतात तिकडं सरकायचं, म्हणजे लाटाच बाहेर आणतात. आणि काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. भावाला वाचवायला भाऊ जातो आणि दोघंही जातात. तरंगेल ते फेकायचं, चेंडू, बर्फाच्या पेटीचं झाकण, काहीही, आणि जीवरक्षक नसतील तर ००० फिरवायचा.

सगळ्याच्या आधीचा नियम एकच आहे, तो तेवढा ठळक छापा: लाल-पिवळे झेंडे असतील त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं, आणि झेंडे नसतील तर उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. फोटोसाठी खडकांवरही नाही, कारण खडक ओला दिसत असेल तर तिथवर लाट येऊन गेलेली असते आणि ती परत येणार. झेंड्यांपाशी बसणारे बहुतेक जीवरक्षक स्वयंसेवक असतात, शाळा-कॉलेजातली मुलं, नोकरदार, निवृत्त माणसं. त्यांच्याशी जाऊन बोलायला लाजू नका. मोडकं इंग्रजी चालतं. “कुठं उतरू?” एवढं विचारलं तरी ते जागा दाखवतात.

इथल्या मराठी मंडळांनाही माझी विनंती आहे. गणेशोत्सव, नाटकं, दिवाळी पहाट, सगळं आपण झटून करतो. नोव्हेंबरातला एक रविवार तलावाला द्यावा. लाइफ सेव्हिंग व्हिक्टोरिया ही संस्था बाहेरून आलेल्या समाजांसाठी पाण्यातल्या सुरक्षिततेचे कार्यक्रम घेते, त्यांना बोलवावं. आपल्या बायका पोहायला शिकलेल्या नसतात आणि पोरांना घेऊन पाण्याच्या काठाला त्याच उभ्या असतात. मोठ्या वयात शिकता येतं. आमच्या केंद्रातल्या एका मल्याळी सहकारी बाईनं चाळिशीनंतर शिकून घेतलं, आता ती मुलाबरोबर पोहते.

आणि महाराष्ट्रातल्या आई-वडिलांना: मुलगा फोनवर म्हणाला की रविवारी मित्रांबरोबर बीचवर जातोय, तर जेवलास का विचारता तसंच विचारा, “तिथं झेंडे असतात का?” तुम्ही विचारलंत तर तो बघेल. आमचं मावशी-काकूंचं तो ऐकेलच असं नाही.

संपादक महोदय, व्हिक्टोरियात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जानेवारीअखेरपर्यंत किनारे भरलेले असतात. त्याआधीच्या एखाद्या रविवारी पुरवणीचं अर्धं पान यासाठी द्यावं. रिप वरून कशी दिसते याचं छायाचित्र, झेंड्यांचं छायाचित्र आणि चार ओळी पुरेत. छायाचित्रं मी काढून पाठवते, भाचाही मदत करायला तयार आहे. सिडनी, पर्थ, ब्रिस्बेनच्या वाचकांनी आपापल्या घराजवळच्या जागा लिहून पाठवल्या तर पुढच्या रविवारी त्याही छापता येतील.

आपली,
एक वाचक (मूळ गाव वाई, जि. सातारा)
वेरिबी, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया